गाडीच्या पडवीची मेढ

माझ्या मुलाने कंपनी सोडली आणि चाकांवरचं घर घेतलं. घर म्हणजे लांबडा टेम्पोच होता, पण आत दोन पलंग, ओटा, शेगडी आणि संडास. गाडी दारात आली त्या दिवशी सगळं गाव बघायला लोटलं. पलंगावर कोणी बसून पाहिलं नाही की शेगडी पेटवून पाहिली नाही. जो तो चढे, संडासाचं दार उघडून आत डोकावे आणि "सगळं आतच?" असं विचारून खाली उतरे. एका म्हातारीने तर पदर नाकाला लावला. गाडी तेव्हा कोरी होती.

मुलाने रोह्याच्या एका कंपनीत निम्मं आयुष्य शिफ्टमध्ये काढलं. रात्रपाळी करून करून तो दिवसाही झोपेनासा झाला आणि रात्रीही. सोडताना कंपनीने हातावर जे ठेवलं ते सगळं त्याने या गाडीत घातलं. त्याचा हिशोब सोपा होता. मुंबई-पुण्याची माणसं कोलाडला रबरी होडीत बसून भिजायला येतात. पैसे भरून भिजायचं हे मला अजून समजलेलं नाही, पण येतात खरी. त्यातली काही भिजून कंटाळतात, त्यांना नदीच्या काठावर नुसतं बसायचं असतं. आमच्या घराखाली वालाचं शेत, शेताखाली वाळू आणि वाळूपुढे कुंडलिका. तिथे गाडी लावायची, पाहुण्यांनी गाडीत झोपायचं, काठावर बसायचं, सुनेने रांधायचं. धंदा चालला तर चालला. नाही चालला तर परत त्याच कंपनीच्या गेटावर जायचं, आणि तेही कायमचा कामगार म्हणून नाही, ठेकेदाराचा माणूस म्हणून. हे घरात कोणी बोलत नव्हतं. सून फक्त डब्यांची झाकणं जरा जास्त जोरात लावायला लागली होती, त्यावरून आम्हाला कळत होतं.

या गाडीच्या कुशीत, टपाला लागून, एक गुंडाळलेलं कापड होतं. हँडल फिरवलं की ते बाहेर यायचं आणि दोन बारीक पायांवर उभं राहायचं. मुलगा त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणायचा. मी त्याला पडवी म्हणते. घराला लागून, पुढे छप्पर, दोन खांब, खाली खुर्च्या, मग ती पडवी नाही तर काय? मुलगा म्हणे, आई, पडवी नसेल तर ती नुसती उभी केलेली गाडी. पाहुणा गाडीसाठी येत नाही, पडवीत बसून चहा पितानाचा फोटो काढण्यासाठी येतो. म्हणजे सगळा धंदा त्या दोन बारीक पायांवर उभा होता, आणि पाय वाळूत होते.

आमच्याकडे दुपार कलली की खाडीकडून वारा सुटतो. मुलाने पहिल्या दिवशी गाडीबरोबर आलेल्या मेखा ठोकल्या. मेखा कसल्या, गोधडी शिवायच्या सुया. कोरड्या वाळूत त्या हाताने दाबल्या तरी जात आणि हाताने ओढल्या तरी येत. वारा आला, पडवी खालून फुगली, मेखा एकामागून एक उडाल्या आणि सगळं कापड गाडीच्या टपावर उलटं जाऊन पडलं. अंगणात वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने कौलांवर टाकावं, तसं.

मग माझे दीर आले. गावात कोणाच्याही दारात लग्नाचा मांडव पडायचा तर माझ्या दिरांशिवाय पडत नाही. म्हणजे दोरी ते धरत नाहीत, खड्डा ते खणत नाहीत, पण ते कमरेवर हात ठेवून उभे राहिल्याशिवाय मांडव सरळ होत नाही अशी त्यांची आणि त्यांच्या भीतीने गावाची समजूत आहे. त्यांनी नदीकाठच्या वाडीवरून दोन गडी बोलावले, बांबूचे खुंट तासून घेतले आणि घणाने ठोकून घेतले. आमच्या भातखाचरात असे खुंट ठोकले की बैल ओढूनही निघत नाहीत. वाळूत ते दह्यातल्या रवीसारखे गरागरा फिरत होते. दीर म्हणाले, गडी नीट ठोकत नाहीत. गडी म्हणाले, वाळू नीट धरत नाही. वारा आला आणि त्याने दोघांचंही ऐकलं नाही.

मग मी माझं शहाणपण काढलं. माझं माहेर पेणेकडचं, धरमतरच्या खाडीजवळ. तिथली जमीन खारी आणि भुसभुशीत, खुंट धरतच नाही. म्हणून तिथे गोणीत वाळू भरून, तिच्या कमरेला दोरी बांधून, गोणी आडवी पुरतात. वरून वाळू लोटून पायाने दाबली की तिला उपटायला हत्ती लागतो. हे मी सांगितल्याबरोबर दीर हसले. मी या घरात आले तेव्हापासून ते माझ्या प्रत्येक सूचनेला "खारीतलं शहाणपण" म्हणतात. मुलगा मात्र अडला होता, त्याने ऐकलं. सुनेने खताच्या रिकाम्या गोण्या आणून दिल्या. त्या गोठ्याच्या छपरावर दोन उन्हाळे पडून होत्या आणि उन्हाने पापडासारख्या झाल्या होत्या, हे तिनेही पाहिलं नाही आणि मीही. वारा आला. गोण्या जागच्या हलल्या नाहीत, जागच्या जागी फाटल्या. दोरी गोणीचा तुकडा घेऊन वर गेली. दिरांनी त्या दिवशी चहा दोनदा मागून घेतला, इतके ते खूश होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि पहिले पाहुणे यायचे होते. मुलाने दोन खांबांना पाण्याने भरलेले कॅन बांधले आणि देवाला हात जोडले.

पाहुणे तिघं होते. एक जोडपं आणि नवऱ्याची आई. ती बाई माझ्याच वयाची, पण पँट घातलेली, पायात बूट, केस कापलेले आणि कपाळावर लाल टिकली. बोलायला मोकळी होती. आल्या आल्या तिने वालाच्या शेंगा तोडून खायला सुरुवात केली आणि कडू लागल्यावर माझ्याकडे बघून हसली. मला ती बरी वाटली. सून मांडीवर दोनदा हात पुसून जेवण घेऊन आली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, तळलेली मासळी. पाहुणे पडवीत बसले, फोटो निघाले आणि मुलगा पहिल्यांदा हसला. तेवढ्यात वारा आला.

कॅन जागचे उठले आणि लोंबकळायला लागले. पडवी वर गेली, थांबली, खाली आली आणि तिचा एक पाय बिरड्याच्या पातेल्यात येऊन उभा राहिला. पाहुणे सभ्य होते. ओके, ओके, काही हरकत नाही, असं म्हणत त्यांनी अंगावरचे वाल झटकले. पण तरुण पाहुण्याने फोन काढला आणि बायकोला हळूच विचारलं की कोलाडला ते दुसरं ठिकाण होतं, तिथे आज जागा असेल का. ते माझ्या मुलाने ऐकलं, सुनेने ऐकलं आणि मीही ऐकलं. त्यात हे पाहुणे फोनवर तारे देतात म्हणे. जितके तारे कमी, तितके पुढचे पाहुणे कमी. माझा मुलगा पातेल्यातून पडवीचा पाय काढत होता आणि त्याचं तोंड पगार न झालेल्या दिवसासारखं झालं होतं.

दीर या क्षणाची वाटच बघत असावेत. ते पुढे आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले,

"मांडव घातलास नि मेढ नाय रोवलीस. मग उडंल नाय तर काय बसंल?"

आता मेढ म्हणजे लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब. शेंड्याला आंब्याचा डहाळा, पिवळ्या फडक्यात सुपारी-हळकुंड, पाच सुवासिनींच्या हातची हळद-कुंकू. ती रोवली की कार्य पुरं होईपर्यंत हलवायची नाही. भाड्याने द्यायच्या गाडीच्या कापडाला लग्नाची मेढ रोवायची ही कल्पना आमच्याच गावाला सुचू शकते. पण पाहुण्यांनी ती ऐकली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. तरुण पाहुण्याने दुसरं ठिकाण शोधायचं सोडून तोच फोन दिरांसमोर धरला आणि पहिल्यापासून सांगा म्हणाला. दिरांना आयुष्यात कोणी पहिल्यापासून सांगा म्हटलं नव्हतं.

मेढ पूर्वेला पाहिजे. पडवी होती पश्चिमेला. नदी आमच्या शेताजवळ वळण घेते, तिथे पूर्व म्हणजे पाण्याची बाजू. मुलाने गाडी वळवली, आणि वळवण्यासाठी ती उतारावर बरीच खाली आणावी लागली. गड्यांनी हातभर खोल खड्डा खणला. मांडव उडाला तर चालतो पण मेढ पडली तर घरात वाईट होतं, त्यामुळे खणताना कोणी कंटाळा केला नाही. ओल्या वाळूपर्यंत गेले, ऐनाचा जाड वासा उभा केला, भोवती दगड ठोकले. मग सुवासिनी गोळा केल्या. सून, माझी जाऊ, शेजारीण आणि पाहुण्याची बायको. एक कमी पडली. मी तिथेच उभी होते. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा मागं व्हा." मी झाले. माझा नवरा जाऊन फार वर्षं झाली, ही सवयीची गोष्ट आहे. शिवाय पुढे ऊन होतं आणि मागे गाडीची सावली होती.

पाचवी म्हणून दिरांनी त्या पँटवाल्या बाईंना बोलावलं. कपाळावर एवढी लाल टिकली होती, विचारायचं काय? गळ्यात काही नव्हतं, पण शहरात हल्ली कोणाच्याच गळ्यात नसतं. बाईंनी बूट काढले, हौसेने हळद लावली आणि फोटोसाठी पुन्हा लावली. दिरांनी पडवीचा दांडा मेढीला काथ्याने करकचून बांधला, वर पिवळा दोरा गुंडाळला आणि बजावलं की उद्या पाहुणे निघताना नारळ फोडून मी स्वतः सोडीन, तोवर कोणी हात लावायचा नाही.

आणि पडवी राहिली. संध्याकाळचा वारा आला, गेला, पडवी हलली नाही. वारा पश्चिमेचा आणि आता मध्ये अख्खी गाडी आडवी होती. वासा हातभर आत आणि दगडांत ठोकलेला. यात देवाला फारसं काम उरलं नव्हतं. पण हे मी बोलले असते तर मला कोणी जेवायला वाढलं नसतं. त्या दिवशी पोपटी लावली, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा पाहुण्यांनी ओंजळीने खाल्ल्या, आणि दिरांनी वरसे गावापर्यंतच्या सगळ्या मांडवांचा इतिहास सांगितला. मुलगा त्या रात्री घोरला.

आमच्या नदीला रोज वरच्या धरणातून पाणी सोडतात. सकाळी चढतं, दुपारनंतर उतरतं. काठावर एक काळा दगड आहे, पाणी त्याच्या कमरेपर्यंत येतं, हे इथल्या म्हशींनाही माहीत आहे. मुलाने गाडी पहिल्यांदा लावली तेव्हा त्या दगडाच्या बरीच वर लावली होती. नंतर पूर्व साधायला ती खाली आली, तेव्हा आम्ही सगळे पूर्वेकडे बघत होतो, दगडाकडे कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी पाहुणे पडवीत चहा पीत होते आणि बाईंनी पाय लांब केले तर त्यांचे पाय भिजले. त्यांना गंमत वाटली. मुलाने पाहिलं आणि तो शेतातून धावत सुटला. पाणी पुढच्या चाकाला लागलं होतं आणि चाकाखालची वाळू भिजून बसायला लागली होती. अजून थोडं पाणी चढलं की गाडी रुतणार, आणि रुतली की नदीची. त्याने चावी घातली, गाडी चालू केली आणि बंद केली. पडवी उघडी होती आणि तिचा दांडा मेढीला बांधलेला. तशीच गाडी हलवली तर पडवी गाडीची कूस घेऊन निघाली असती.

काम काय होतं? कोयत्याचा एक घाव. काथ्या तोडायचा, हँडल फिरवून कापड गुंडाळायचं आणि निघायचं. मुलगा कोयता घेऊन मेढीपाशी गेला तर दीर आडवे झाले. यजमानाने आपल्या हाताने आपली मेढ सोडली तर धंदा बुडतो म्हणाले.

"काका, धंदा बुडतोच हाय. चाकापर्यंत आलाय," मुलगा म्हणाला.

पण हात त्याचाही थांबला. कंपनी सोडून आलेला माणूस, त्याला आणखी काही अंगावर घ्यायचं नव्हतं. मग तुम्ही सोडा, तो दिरांना म्हणाला. दीर म्हणाले, माझ्या नातीचं लग्न ठरलंय, मी अर्ध्या कार्यात मेढीला हात लावू? सुनेने मंगळसूत्र मुठीत धरलं, तेवढ्यात तिचं उत्तर मिळालं. वाडीवरचे गडी तर आधीच लांब जाऊन उभे होते. उद्या या घरात कोणी शिंकलं तरी आमच्यावर येईल, असं त्यातला एक म्हणाला, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. पाणी दुसऱ्या चाकाकडे निघालं. सगळे एकमेकांकडे बघता बघता माझ्याकडे बघायला लागले. दिरांच्या तोंडावर तर दिवा लागावा तसा उजेड पडला.

"वहिनी, तुमचं काय व्हायचं ऱ्हायलंय आता? तुम्ही काढा."

बोलणं खरं होतं, त्याचा मला राग आला नाही. राग आला तो त्यांच्या आवाजाचा. घरात हरवलेली वस्तू अडल्या वेळी सापडावी आणि नेमकी उपयोगी पडावी, तसा तो आवाज होता.

"भावजी, काल मागं व्हा म्हणालात. आता किती पुढं येऊ?" मी विचारलं.

दीर नदीकडे बघायला लागले. पाहुण्या बाईंना हे काय चाललंय ते कळेना. त्यांनी मुलाला विचारलं. मुलाने मान खाली घालून सांगितलं, की ज्याच्यावर संकट येऊ शकतं त्याने मेढ सोडायची नाही, आणि विधवेला चालतं, कारण तिच्यावर येऊन गेलेलं असतं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग त्या पाण्यातून दोन पावलं पुढे आल्या.

"मग मलाही चालेल की. आमचे हे जाऊन आठ वर्षं झाली. पण काल मी हळद लावली, ती चालते का?"

 जावेने दिरांकडे पाहिलं, दिरांनी मेढीकडे पाहिलं. मेढ उभी होती. सगळ्या गावाने कौतुक केलेली, रात्रभर न हललेली मेढ, आणि तिला हळद लागली होती विधवेची. दिरांचं तोंड उघडं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून मांडवाबद्दल काही निघत नव्हतं.

बाईंनी कोयत्यासाठी हात पुढे केला. ज्या हाताने वालाची शेंग धड सोलता येत नाही त्या हातात कोयता देऊ नये, एवढं मला कळतं. मी मुलाकडून तो घेतला आणि काथ्या तोडला. बाईंनी पिवळा दोरा सोडवला, हळूहळू, राखी सोडवावी तसा. मुलगा हँडल फिरवायला लागला. पडवी आत गेली. सुनेने मंगळसूत्र सोडलं, खुर्च्यांखालची चटई ओढली आणि चाकाखाली कोंबली. गडी परत आले, पाहुणा फोन खिशात टाकून मागे लागला, मी लागले, बाई लागल्या. चाकं गरगरली, आम्हाला सगळ्यांना चिखलाने माखवलं आणि गाडी वर चढली. दीर कमरेवर हात ठेवून, हळू, हळू, असं म्हणत होते.

मेढ पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर मीच ती उपटली. खड्डा खोल होता, दगड घट्ट होते, मला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. खांदा अजून दुखतो. घरात काही वाईट झालं नाही. दिरांच्या नातीचं लग्न नीट झालं, सुनेचा नवरा धडधाकट आहे, म्हशीसुद्धा वेळेवर व्यायली.

पाहुण्यांनी पैकीच्या पैकी तारे दिले. पडवी उडाली, गाडी बुडत होती, बिरड्यात खांब पडला, याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते मेढीबद्दल. पुढच्या शनिवारी जे आले त्यांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, तो खांबाचा कार्यक्रम आहे ना? मुलाने दिरांकडे पाहिलं. दिरांनी जरा वेळ विचार केला, आणि धर्मात गाडीच्या पडवीची मेढ दर शनिवारी रोवता येते असं त्यांना आढळलं.

आता तेच चाललंय. दर शनिवारी मेढ रोवली जाते, पाच बायका हळद लावतात. कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही, हे दीर विचारत नाहीत. विचारलं की कळतं आणि कळलं की अडतं, म्हणतात. मला मात्र अजून मागे उभं राहावं लागतं, कारण माझं त्यांना माहीत आहे. रविवारी नारळ फुटतो आणि मेढ काढायला मी पुढे होते. पाहुणे टाळ्या वाजवतात. वहिनींच्या हाताला ते आहे, असं दीर सांगतात. काय आहे ते सांगत नाहीत.

मी एकच अट घातली. मेढीचा खड्डा वीतभरच खणायचा, माझा खांदा दुखतो. वीतभर खड्ड्यातली मेढ वाऱ्यात काय धरणार? काही धरत नाही. पडवी आता गाडीच्या दोन्ही टोकांना पुरलेल्या चार गोण्यांवर उभी असते. गोण्या नव्या आहेत, मी स्वतः ताणून बघून घेतलेल्या. त्या वाळूखाली असतात, म्हणून फोटोत येत नाहीत.